निसर्गलेखन म्हणजे केवळ शोक नव्हे
मानवी हस्तक्षेपापासून मुक्त निसर्ग उरलेलाच नसल्याने निसर्गलेखन आता केवळ शोकलेखन ठरते, असे एक मत मांडले जाते; ते मला अपुरे वाटते. त्यातील पहिला भाग खरा आहे: हवाई बेटावरील मावना लोआ या ज्वालामुखीवरच्या वेधशाळेत १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा हवेतील कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत सुमारे ३१५ होता, तो आज ४२० च्या पुढे गेला आहे आणि त्या हवेपासून कोणतेही अरण्य अलिप्त नाही. मात्र शोक करण्यासाठीही काय हरवले हे ठाऊक असावे लागते. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये असे मांडले की, संशोधकांची प्रत्येक पिढी आपल्या कारकिर्दीच्या आरंभी दिसलेला माशांचा साठाच मूळ स्थिती मानते, त्यामुळे त्याआधीची घट हिशेबातच येत नाही. म्हणूनच फुलोऱ्याची तारीख, स्थलांतरित पक्ष्यांच्या आगमनाचा दिवस, ओढा आटण्याचा महिना अशा नोंदी, रुक्ष वाटल्या तरी, मला सुंदर वर्णनाहून मोलाच्या वाटतात. धरणाच्या फुगवट्यावर उतरणारी बदके आणि बंद खाणीत रुजलेले गवत यांविषयीही अवश्य लिहावे. फक्त तेथे पूर्वी काय होते, हे त्याच लेखात सांगितले जावे, एवढा माझा आग्रह आहे.