गळ्यावरची गाठ नुसती फोडून भागत नाही

ताई, मिस्टरांच्या गळ्यावरची गाठ चीर देऊन रिकामी करावी का, असं विचारलंय तुम्ही. अजिबात नको. इथं कोल्हापुरात माझ्या चुलतभावाची पस्तिशीत तशीच फोडली, ती परत फुगून आली. जीभ बाहेर काढली की वर सरकायची, म्हणजे थायरोग्लॉसल सिस्ट, जन्माआधी थायरॉईड ग्रंथी तयार होताना मागे राहिलेल्या नळीची जन्मजात गाठ. तिची नळी जिभेखाली गळ्यात असलेल्या हायॉइड हाडाला चिकटून जिभेच्या मुळापर्यंत जाते, म्हणून हाडाचा मधला तुकडाही काढतात. हीच सिस्ट्रंक शस्त्रक्रिया, १९२० पासूनची. आधी सोनोग्राफीत थायरॉईड जागेवर आहे ना, हे बघाच. गाठ मानेच्या बाजूला असेल आणि वय चाळिशीपुढचं, तर गाठीतून सुईनं नमुना घेऊन तपासणी झाल्याशिवाय ‘जन्मजातच आहे’ यावर विसंबू नका. कॅन्सरची गाठही कधीकधी अशीच पाण्यानं भरलेली असते.