हायड्रोजनच्या रेषा: रिडबर्ग स्थिरांक प्रत्येक रेषेला वेगळा का येतोय?

मुठाकाठ
एसवाय बीएस्सी, पुणे. प्रॅक्टिकलला हायड्रोजन डिस्चार्ज ट्यूब आणि इंचाला १५,००० रेषांचं ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग वेगवेगळ्या कोनांत पसरवणारी बारीक रेषांची पट्टी) होतं. पहिल्या ऑर्डरचे कोन (डाव्या-उजव्या बाजूची सरासरी): जांभळी १४°५०′, निळी-हिरवी १६°४२′, लाल २२°४९′. मधल्या पांढुरक्या प्रतिमेपासून बाहेर जाताना रेषा याच क्रमाने लागतात, म्हणून १/तरंगलांबी = रिडबर्ग स्थिरांक × (१/२² − १/एन²) या सूत्रात एन (इलेक्ट्रॉन ज्या पातळीवरून २ क्रमांकाच्या पातळीवर येतो तिचा क्रमांक) = ३, ४, ५ घेतले. रिडबर्ग स्थिरांक अनुक्रमे १.६६१, १.०९६ आणि ०.७२५ कोटी प्रति मीटर आला. सरासरी १.१६ कोटी, पुस्तकातल्या १.०९७ पेक्षा सहा टक्केच जास्त. तरी सर जर्नलवर सही करत नाहीत, ‘परत बघ’ म्हणतात. कोन पुन्हा मोजू का? चौथी रेषा तर दिसलीच नाही. शिवाय तोंडीला ‘यावरून बोरचं मॉडेल (इलेक्ट्रॉन अणूत ठरावीक कक्षांतच फिरतो, हे) सिद्ध होतं का’ असं विचारतात म्हणे, त्याला काय सांगायचं?

ग्रेटिंग_१५०००
कोन उत्तम आहेत, त्यांना हात लावू नका. चूक एनच्या क्रमात आहे. इलेक्ट्रॉन एन = ३ वरून २ वर येतो तेव्हा ऊर्जेचा फरक सर्वांत कमी, १.८९ इलेक्ट्रॉन व्होल्ट. कमी ऊर्जा म्हणजे जास्त तरंगलांबी, म्हणून लाल रेषा ३ ची. निळी-हिरवी ४ ची (२.५५) आणि जांभळी ५ ची (२.८६). ग्रेटिंगमध्ये कमी तरंगलांबी आत आणि जास्त बाहेर पडते, त्यामुळे आतून मोजलं की क्रम बरोब्बर उलटा होतो. मधली रेषा दोन्हीकडून मधलीच, म्हणून तिचा आकडा तेवढा बरोबर आला.

तुमच्याच कोनांवरून तरंगलांबी ६५६.६, ४८६.६ आणि ४३३.५ नॅनोमीटर येते. योग्य एन घातले की स्थिरांक १.०९७, १.०९६, १.०९८ कोटी. हे रीडिंग चांगलंच म्हणायचं.

सरासरीवर मात्र कधीच विसंबू नका. एक आकडा ५१ टक्के वर, दुसरा ३४ टक्के खाली आणि सरासरी सहा टक्क्यांत, हे फसवं आहे. १/तरंगलांबी विरुद्ध १/एन² असा आलेख काढा. रेषा उतरती हवी. तुमच्या क्रमाने ती चढती येते, म्हणजे चूक कागदावर लगेच दिसते.

चौथी रेषा ४१०.२ ला, तुमच्या ग्रेटिंगवर १४°१′ च्या आसपास. ती मुळात मंद, आणि तिथे डोळ्याची संवेदनशीलताही फार कमी. ट्यूबचा मधला बारीक नळीचा भाग स्लिटला (प्रकाश आत येण्याच्या फटीला) अगदी समोर आणि जवळ आणा, खोली पूर्ण अंधारी करा, स्लिट किंचित रुंद करा. लाल-पिवळ्या भागात बारीक रेषांची गर्दी दिसली तर त्या हायड्रोजनच्या रेणूच्या आहेत, त्या धरू नका. ट्यूब सलग चालू ठेवू नका, तापते. रीडिंगपुरती लावा आणि बंद करा. वर काही हजार व्होल्ट असतात, टोकांना हात नको.

पर्वतीपायथा
ग्रेटिंग लंब लावल्याची खात्री केली होती का? आधी टेलिस्कोप लांबच्या वस्तूवर फोकस करायचा (खिडकीतून पर्वतीचं देऊळ दिसत असेल तर उत्तम), मग त्यातून बघत कॉलिमेटर (स्लिटमधून आलेले किरण समांतर करणारी नळी). टेलिस्कोप सरळ प्रतिमेपासून ९०° फिरवून घट्ट करा, ग्रेटिंगवरून परावर्तित झालेली स्लिट क्रॉसवायरवर (टेलिस्कोपमधल्या फुलीवर) येईपर्यंत टेबल फिरवा, मग टेबल बरोबर ४५° फिरवा. डाव्या-उजव्या कोनांत बराच फरक असेल तर ही पायरी कच्ची राहिलीय.

आता तोंडीचा प्रश्न. ‘सिद्ध होतं’ म्हणू नका, ‘सुसंगत आहे’ म्हणा. हे सूत्र बाल्मरने १८८५ मध्ये मोजलेल्या चार रेषांवरून बसवलं, तेव्हा इलेक्ट्रॉनसुद्धा सापडलेला नव्हता. रिडबर्गने १८८८ मध्ये ते व्यापक केलं. रुदरफोर्डने १९११ मध्ये केंद्रक मांडलं, पण जुन्या विद्युतशास्त्राप्रमाणे फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा सोडत सेकंदाच्या दहा हजार कोटीव्या भागाच्या आसपास केंद्रकात पडायला हवा, आणि वर्णपट सलग दिसायला हवा. बोरने १९१३ मध्ये ठरावीक कक्षा गृहीत धरल्या आणि इलेक्ट्रॉनचं वस्तुमान, त्याचा प्रभार आणि प्लँकचा स्थिरांक यांतून रिडबर्गचा आकडा काढून दाखवला. माझ्या मते त्याचं खरं यश हेच.

याहून सुंदर पुरावा हेलियमचा. खगोलशास्त्रज्ञ पिकरिंगला एका ताऱ्यात दिसलेल्या रेषा हायड्रोजनच्या समजल्या जात. बोर म्हणाला, या आयनीभूत (एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या) हेलियमच्या, स्थिरांक हायड्रोजनच्या चौपट. वर्णपट मोजणाऱ्या फाउलरने हरकत घेतली: दोन स्थिरांकांचं गुणोत्तर ४ नाही, ४.००१६ येतं. बोरने केंद्रकाची स्वतःची हालचाल हिशेबात घेतली आणि उत्तर आलं ४.००१६३. पण दोन इलेक्ट्रॉनच्या साध्या हेलियमपाशी हे मॉडेल अडलं, रेषांची तीव्रताही त्यातून निघत नाही. १/एन² चं सूत्र श्रोडिंगरच्या १९२६ च्या समीकरणातूनही येतं, म्हणून तुमचं प्रॅक्टिकल या दोघांत निवाडा करू शकत नाही.

मुठाकाठ
दोघांचेही आभार. आलेख उतरता आला: उतार उणे १.१०१ कोटी, छेद (रेषा उभ्या अक्षाला मिळते तो आकडा) ०.२७४६ कोटी. पण उतार सरासरीपेक्षा (१.०९७) जास्त का?

ग्रेटिंग_१५०००
जांभळ्या रेषेमुळे. या ग्रेटिंगवर एका मिनिटाची चूक म्हणजे जवळपास अर्धा नॅनोमीटर. खरी तरंगलांबी ४३४.० आहे, तुमची ४३३.५, म्हणजे व्हर्नियरचा (कोन वाचायच्या बारीक पट्टीचा) एकच भाग. तीनच बिंदू असल्याने टोकाचा बिंदू उतार ओढून नेतो. छेदाचा व्यस्त काढा: ३६४.२ नॅनोमीटर. बाल्मरच्या सूत्रातला स्थिर आकडा ३६४.५६ होता. हे जर्नलमध्ये आलेखाखालीच लिहा.