मदत हवी आहे: पणजीजवळ दिवाडी बेटावर जुनं घर घ्यावं का? (सोबत ८२ वर्षांची आई)

नमस्कार मंडळी. आम्ही जुळे सोलापूरचे. मार्चात रिटायर झालो. मुलगी-जावई पणजीत, नातू दीड वर्षाचा, त्यामुळं बायकोचं एकच टुमणं: निम्मं वर्ष तरी तिकडं राहू. पणजीतल्या फ्लॅटचे भाव ऐकून मी गप्प बसलो होतो. तेवढ्यात जावयाच्या ओळखीतून दिवाडी बेटावरचं एक घर बघायला मिळालं, आणि तेव्हापासून झोप नाही.

जुन्या गोव्याच्या धक्क्यावर फेरीबोटीची लोखंडी फळी उतारावर खाड्कन पडली आणि दुचाक्या एका दमात बाहेर निघाल्या. एकाच्या पायाशी गॅसची टाकी, मागं बसलेल्या बाईच्या मांडीवर पावाची पिशवी. पायी माणसाला आणि दुचाकीला पैसे नाहीत, आमच्या गाडीचे घेतले. काही मिनिटांत पलीकडं. आई गाडीतून उतरलीच नाही. काच खाली करून एवढंच म्हणाली, "हितं पाण्याचा टँकर कसा येतो रे?" चार-पाच दिवसाआड नळ येणाऱ्या शहरात जन्म काढलेल्या बाईला दुसरं काय सुचणार!

घर जांभ्या दगडाचं, वर मंगलोरी कौलं, पुढं बसायला दगडी बाकांचा सोपा (तिकडं बाल्कांव म्हणतात), मागं विहीर. बायकोनं तिथंच तुळस कुठं लावायची ते ठरवलं. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ याच बेटावर होतं, पोर्तुगीजांच्या काळात देव नदीपलीकडं डिचोलीतल्या नार्व्याला नेला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी ते देऊळ नव्यानं बांधून काढलं, हे सांगितल्यावर आईही जरा नरमली.

आता अडचण. आपल्याकडं सातबारा तसा तिकडं फॉर्म एक-चौदा. एजंटनं तो व्हॉट्सॲपवर पाठवला. कब्जेदार म्हणून तीन भावांची नावं, त्यातला एक पोर्तुगालला. 'इतर हक्क' रकान्यात मात्र चौथ्याच कुणाचं तरी घर असल्याची नोंद. विचारलं तर म्हणतो, "काका, ते जुनं आहे, सही झाल्यावर काढून टाकू." सही झाल्यावर! आणि पन्नास हजार टोकन आठ दिवसांत मागतोय.

तिथं राहणाऱ्या कुणी सांगेल का, रात्री-अपरात्री आईला काही झालं तर काय करायचं? आणि त्या नोंदीचं काय?

चोडणकरीण:
काका, मी मूळची पंढरपूरची, लग्न होऊन शेजारच्या चोडण बेटावर आले. दिवाडीला पूल नाही. जुने गोवे, रायबंदर, नार्वे, कुठूनही या, फेरीच. दिवसा काही वाटत नाही, सवय होते. फक्त डॉक्टरांची वेळ साडेदहाची असेल तर तुम्ही नऊला धक्क्यावर.

रात्रीचा प्रश्न खरा आहे. माझ्या सासऱ्यांना रात्री दीडला छातीत दुखायला लागलं. चोडणला डिचोलीच्या अंगाला मयेकडं जाणारा पूल आहे, म्हणून लांबचा फेरा मारून का होईना, गाडीनं बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी हॉस्पिटलात) पोचलो. आता बरे आहेत. दिवाडीत असतो तर आधी फेरी मिळवण्यापासून सुरुवात. तुमच्या जागी मी असते तर आईंना घेऊन दिवाडीत नसते राहिले. दोघंच असता तर वेगळं सांगितलं असतं.

शिवाय पाऊस. इकडं वर्षाला ३००० मिमीच्या आसपास. जुलैत कपाटातल्या चपलांना बुरशी येते. सोलापुरी चादरी खुशाल आणा, पण पावसाळ्यात धुऊ नका!

काळा कोट:
टोकन देऊ नका. 'इतर हक्क'मधला तो माणूस मुंडकार असू शकतो, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवर घर असलेला. १९७५ च्या मुंडकार कायद्यानं त्याला संरक्षण आहे आणि आपलं घर विकत घ्यायचा हक्कही आहे. त्याचं घर म्हणजे तुम्ही बघितलेलंच की आवारातलं दुसरं, हे आधी जागेवर जाऊन बघा. शेजारी चहा प्या, सगळं कळेल. ती नोंद काढणं एजंटच्या हातात नाही.

दुसरं म्हणजे गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा चालते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्तेत नवरा-बायकोचा निम्मा-निम्मा वाटा. त्यामुळं तीन भाऊ विवाहित असतील तर सह्या सहा लागतील. वडिलोपार्जित असेल तर इन्व्हेंटरी प्रोसिडिंग (वारसांमधली कोर्टातली वाटणी) झालंय का, तेही विचारा. आणि मागचं भातशेत स्वस्तात देतो म्हणाला तर हात जोडा, २०२३ च्या कायद्यानं ते बिगरशेतकऱ्याला विकता येत नाही. वकील स्वतःचा लावा, एजंटनं सुचवलेला नको.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. आज एजंटला फोन करून सहा सह्यांचं विचारलं. "बघतो" म्हणाला आणि ठेवलाच. तसं बायकोला सांगितलं, तर ती तुळशीवर अडून बसली आहे.

चोडणकरीण ताई, तुमच्याकडं ऑक्टोबर ते मार्च भाड्यानं खालच्या मजल्यावरचं घर मिळेल का? दारात गाडी लागली पाहिजे, आईला गुडघ्यांमुळं चढवत नाही. आणि तिचा निरोप आहे: नळ रोज येतो का?

चोडणकरीण:
आमच्या वाड्यावर येतो. मे महिन्यात धार बारीक होते. आईंना सांगा, पिंप आणायची गरज नाही, कळशी पुरेल. घराचं सासूबाईंना विचारून उद्या लिहिते.