फिजीची नंगोना (कावा): औषध की नशा? आईला देऊ का?

पॅरामॅटाकर:
सिडनीत ऑफिसात एक फिजीचा कलीग आहे, गिरमिटियांच्या, म्हणजे इंग्रजांनी करारावर तिकडे नेलेल्या भारतीय मजुरांच्या, घरातला. परवा सुट्टीवरून येताना त्याने मला पाव किलो राखाडी पूड आणून दिली. वास अगदी ओल्या मातीचा. म्हणे नंगोना, रात्री घे, मस्त झोप लागते, आमच्याकडे आजीपासून सगळे घेतात. आई सध्या इकडे आलीये, तिला झोपच येत नाही, बीपीची गोळी चालू आहे. अर्धा चमचा दुधातून दिली तर चालेल का?

सुवा_रिटर्न:
आईला नको बाबा. आणि दुधातून तर कोणीच घेत नाही 😀 मी 2 वर्षं फिजीच्या राजधानीत, सुव्यात होतो. तिथे पूड फडक्यात बांधून तानोआत, म्हणजे लाकडी परातीत, गार पाण्यात पिळतात, मग करवंटीतून देतात. घ्यायच्या आधी ओंजळीने एक टाळी, बुला म्हणायचं, एका दमात संपवायचं, मग तीन टाळ्या. हाय टाइड म्हटलं की करवंटी भरून, लो टाइड म्हणजे अर्धी. चव गढूळ पाण्याची, जीभ अक्कलकाढा चघळल्यासारखी बधिर. खेड्यात पाहुणा गेला तर मुखियापुढे आधी याच्या मुळ्या ठेवतात, त्याला सेवुसेवू म्हणतात. म्हणजे औषध कमी, बैठक जास्त. झाड मात्र आपल्या ओळखीचं, मिरी आणि नागवेलीच्याच कुळातलं, पानही तसंच बदामी. फक्त वेल नाही, झुडूप आहे, आणि बी धरत नाही, फांद्या लावूनच वाढवतात. औषध सगळं मुळात.

गोळीवाली_ताई:
मी फार्मसिस्ट आहे. चिंता, झोप, अंग आखडणं, लघवीची जळजळ यावर त्या बेटांवर हे पूर्वापार वापरतात, त्यात थोडं तथ्यही आहे, मुळीतल्या कावालॅक्टोन नावाच्या घटकांमुळे स्नायू सैल पडतात. पण लिव्हरचा प्रश्न आहे. युरोपात याच्या कॅप्सूल घेणाऱ्यांचं लिव्हर बिघडल्याच्या केसेस आल्या म्हणून 2002 ला जर्मनीने बंदी घातली, 2014 ला तिथल्याच कोर्टाने ती चुकीची ठरवली, पण वाद अजून आहेच. दारू, झोपेच्या गोळ्या किंवा लिव्हरवर ताण देणाऱ्या औषधांबरोबर अजिबात नको. रोज भरपूर पिणाऱ्यांची कातडी खवल्यांसारखी कोरडी पडते, फिजीत त्याला कानीकानी म्हणतात. आईंना डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नका. आणि ते घेऊन गाडी चालवू नका.

पॅरामॅटाकर:
थँक्स दोघांनाही, आईचा बेत रद्द. काल मीच एक लो टाइड घेतली, ओठ 10 मिनिटं जागेवर नव्हते. झोप नेहमीसारखीच लागली. आईने पातेल्यात डोकावून विचारलं, हे चिखलाचं काय करतोयस, आणि तेवढं भांडं वेगळं घास.