मदत हवी आहे: स्टॅकमधला दुसरा स्विच 'व्हर्जन मिसमॅच' दाखवतोय

नमस्कार मंडळी. वणीजवळच्या एका जिनिंगमध्ये सिस्को कॅटॅलिस्ट २९६०-एक्सचे दोन २४ पोर्टचे नेटवर्क स्विच स्टॅक करतोय, म्हणजे जोडून एकाच स्विचसारखे चालवतोय. दोन्हीत स्टॅक जोडायचं फ्लेक्सस्टॅक-प्लस मॉड्यूल आहे आणि दोन्ही लॅन बेस प्रकारचेच आहेत (लॅन लाइटवर स्टॅकिंग चालत नाही, म्हणून ते आधीच तपासलं). दोन केबलने रिंग पूर्ण केली आहे. मास्टर (मुख्य स्विच) कोण ते ठरवणारी प्रायॉरिटी पहिल्याची १५, दुसऱ्याची १.

'शो स्विच' दिलं की पहिला मास्टर, रेडी दिसतो. दुसरा मेंबर म्हणून येतो, पण 'व्हर्जन मिसमॅच' (सॉफ्टवेअर आवृत्ती जुळत नाही) वर अडकतो. त्याचे पोर्ट चालूच होत नाहीत. केबल अदलाबदल केल्या, मॉड्यूल काढून पुन्हा बसवले, फरक नाही. दोघांचं आयओएस (स्विचचं सॉफ्टवेअर) १५.२ च आहे, पण रिलीज वेगळं. मास्टरच्या फ्लॅशमध्ये (आतल्या मेमरीत) आयओएसची नुसती बिन फाइल आहे, टार (पूर्ण पॅकेज) नाही. आपोआप अपग्रेड त्यामुळेच होत नसावं, असं मला वाटतं.

अडचण अशी की कापसाचा हंगाम जोरात आहे. वजनकाटा आणि बिलिंग पहिल्या स्विचवरच आहे, गाड्यांची रांग रात्री नऊपर्यंत हटत नाही. दिवसा तो बंद करणं शक्यच नाही. दुसरा कितीही वेळ बंद ठेवता येईल. कन्सोल केबल आणि पेनड्राइव्ह आहे. सपोर्ट कॉन्ट्रॅक्ट नाही.

मास्टरवरची बिन फाइल दुसऱ्याच्या फ्लॅशमध्ये कॉपी करून, बूट पाथ (कोणत्या फाइलवरून सुरू व्हायचं ते) बदलून फक्त तोच रीलोड केला तर चालेल का? की त्याला स्टॅकमधून काढूनच अपग्रेड करावं? आणि परत जोडताना पहिला रीबूट तर होणार नाही ना?