डिस्नेची सहल की बारावीचं वेळापत्रक?

मीनल_ऑस्टिन

मंदारचा 'ऑर्लँडोत पैसा वसूल' हा धागा वाचला आणि डोक्यातून जाईना. तिथेच प्रतिसाद द्यायला बसले, पण तो इतका लांबला की वेगळा धागा काढतेय. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: येत्या जुलैत फ्लोरिडातल्या ऑर्लँडोचं डिस्ने वर्ल्ड, चार दिवसांत चार पार्क: मॅजिक किंग्डम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज, अॅनिमल किंग्डम. रोज पहाटे साडेपाचला उठायचं, गेट उघडण्याआधी पाऊण तास रांगेत हजर राहायचं, जेवण चालता चालता उरकायचं आणि रात्रीची आतषबाजी संपेपर्यंत कुणी हॉटेलचं नाव काढायचं नाही. शेवटचं वाक्य होतं, 'आराम करायला घर आहे.' बरोबर कोण, तर बायको, पाच वर्षांची मुलगी आणि भारतातून आलेले सत्तरीचे आईवडील.

मंदार, राग मानू नकोस, पण ही सहल फक्त तुझी आहे. बाकीचे चौघं तुझ्या मागून धावणार.

जुलैतलं ऑर्लँडो मी पाहिलंय. दुपारी दोनला मॅजिक किंग्डमच्या किल्ल्यासमोर फूटपाथच्या कडेला एक आजी बसल्या होत्या. साडीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज, मांडीवर तीन बॅगा, पदराने वारा घेत होत्या. शेजारी नात भोकाड पसरून रडत होती आणि बाप फोन दाखवून तिला सांगत होता, 'अगं, आपला नंबर अडीचचा आहे, चल!' नात रडते आहे ती त्या राइडसाठी नाही, तिला झोप आली आहे, हे त्या माणसाला दिसत नव्हतं.

सहलीचा वेग घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाने ठरवायचा. दिवसाला तीन गोष्टी पक्क्या ठरवा, बाकी जमलं तर जमलं. दुपारी एक ते चार उन्हात राहू नका, हॉटेलवर जा. दोन पार्कांच्या मध्ये एक मोकळा दिवस ठेवा, मुलं हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात डुंबतील, मोठे झोपतील. आणि आईवडील बरोबर असतील तर जून ते ऑगस्ट टाळाच. ऊन एक, आणि रोज दुपारी येणारं वादळ दुसरं. जवळपास वीज कडाडली की उघड्यावरच्या राइड बंद ठेवतात, मग पैसा कुठला वसूल?

माझ्या वडिलांना तिथे सगळ्यात काय आवडलं असेल? एपकॉटमधली 'लिव्हिंग विथ द लँड'. होडीत बसायचं आणि हरितगृहांतून संथ फिरायचं. हवेत लोंबकळणारी मुळं आणि त्यांच्यावर मारलेला खताच्या पाण्याचा फवारा बघून सांगलीचा तो द्राक्षबागायतदार हरखून गेला होता. टोमॅटोच्या वेलाचा मांडव बघून म्हणाले, 'ह्याला तार कुठली वापरली असेल?' आम्ही परत रांगेत उभे राहिलो, परत तीच होडी. मुलांचं एक रोलर कोस्टर राहिलं. राहू दे.

मंदार_डॅलस

नाव घेऊन लिहिलं आहेस, म्हणून सविस्तर उत्तर देतोय.

आधी पैसे. गर्दीच्या दिवसांत मॅजिक किंग्डमचं तिकीट माणशी दीडशे डॉलरच्या वर जातं. तीन वर्षांखालचं मूल सोडलं तर सगळ्यांना तिकीट, आणि दहा पूर्ण झाली की मोठ्यांचा दर. वर विमान, हॉटेल, गाडी. आईबाबा परत कधी येतील सांगता येत नाही, व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायलाच किती दिवस लागतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. अशा वेळी 'राहू दे' म्हणणं तुला परवडत असेल, मला परवडत नाही.

दुसरं, 'दुपारी हॉटेलवर जा' हे लिहायला सोपं आहे. मॅजिक किंग्डमच्या दारात गाडी लागत नाही. पार्किंग तळ्याच्या अलीकडे. आधी मोनोरेल नाहीतर फेरीबोट, मग पार्किंगचं चालणं, मग आय-फोरवरचा ट्रॅफिक. इंटरनॅशनल ड्राइव्हवरच्या हॉटेलात पाठ टेकेपर्यंत परत निघायची वेळ होते. म्हाताऱ्या माणसांना हा हेलपाटा जास्त त्रासाचा.

आणि पहाटे उठण्यात तुला छळ का दिसतो? पहिल्या दोन तासांत रांगा छोट्या, ऊन कोवळं. आमचे बाबा तसेही पाचला उठून चहा मागतात. उशिरा उठून अकराला पोचणारेच भर उन्हात दीड-दीड तास उभे राहतात.

सुट्टीचं म्हणशील तर शाळा मेच्या अखेरीलाच सुटते. ती मी ठरवत नाही.

ऑर्लँडोकर

इथेच राहतो, आल्यागेल्या पाहुण्यांना फिरवतो, म्हणून लिहितो.

सकाळचं मंदारचं बरोबर. दुपारचं मीनलचं बरोबर. हॉटेल लांब असेल तर पार्कातच बसा, पण गार हवेत बसा. मॅजिक किंग्डममधलं 'कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस' १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी बनलं, अख्खं प्रेक्षागृह गोल फिरतं, वीसेक मिनिटं एसीत खुर्चीवर. पार्काभोवती फिरणारी आगगाडी आहे, ती चालू असेल तर पाहिजे तितक्या चकरा मारा. 'पीपलमूव्हर' ही गाडी सावलीतून संथ फिरवते, मात्र तिच्यात चढताना सरकता पट्टा असतो, गुडघेदुखीवाल्यांनी जपून. अॅनिमल किंग्डममधली सफारी आजीआजोबांना हमखास आवडते, पण ट्रक खडबडीत वाटेने जातो, कंबरेचं दुखणं असेल तर आधी सांगा.

खर्चाची तयारी असेल तर डिस्नेच्याच 'कंटेम्पररी' हॉटेलात राहा. तिथून मॅजिक किंग्डमला चालत जाता येतं. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना अर्धा तास आधी आत सोडतात, ते वेगळंच.

मंदार, तुझ्या धाग्यातलं 'रोज सकाळी सातला फोन घेऊन बसा' हे आता जुनं झालं. २०२४ च्या जुलैपासून लाइटनिंग लेनच्या (जादा पैसे भरून मिळणाऱ्या छोट्या रांगेच्या) वेळा आधीच निवडता येतात, डिस्नेच्या हॉटेलात असाल तर सात दिवस आधी, नाहीतर तीन दिवस आधी. घरी बसून ठरवा.

सुनंदा_नाशिक

मी त्या 'बरोबर आलेल्या' माणसांपैकी आहे. मुलगा-सून चांगली आहेत, आधीच सांगते.

आम्हाला नेलं, तिकीट काढलं, टोपी घेतली, गॉगल घेतला. आणि दिवसभर आम्ही दोघं बाकावर, बाबागाडी आणि बॅगा सांभाळत. 'आई, तुम्ही इथेच थांबा, आम्ही एवढी एक राइड करून येतो.' एवढी एक झाली की पुढची. नातवाला झोप लागलेली, त्यामुळे उठून पाणी आणायचीही सोय नाही. हे शेवटी गेले तर वाट चुकले, फोनला रेंज होती पण लावायचा कसा ते कळेना.

पाय दुखतात हे मी बोलले नाही. तिकिटाचे आकडे कानावर पडले होते, मनातल्या मनात रुपयांत हिशेब झाला होता. तेवढ्या पैशांत काय काय झालं असतं, हे डोक्यात असताना 'मला बसायचंय' म्हणायला जीभ वळत नाही. मंदार, तुझे आईवडीलही बोलणार नाहीत.

तेजस_सनीवेल

काकू, माफ करा, पण आता पुरे झालं. आईवडिलांना बोलावलं, विमा काढला, सुट्ट्या जुळवल्या, जग दाखवायला नेलं, आणि तरी दोष आमच्याच पदरात? इथे बाई येत नाही, पाळणाघराचा खर्च घराच्या हप्त्याइतका. आजीआजोबांनी तासभर नातवाजवळ बसणं हा अन्याय कधीपासून झाला? आपल्याच घरातलं मूल आहे ते!

माझ्या आईने आतषबाजी बघितली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. गावी गेल्यावर सगळ्या आळीला फोटो दाखवले. पाय दुखले असं ती एकदाही म्हणाली नाही.

आणि पाय दुखत असतील तर व्हीलचेअर घ्या. भाड्याने मिळते, रांगेतही उभं राहावं लागत नाही. प्रश्न सुटला.

सुनंदा_नाशिक

म्हणाली नाही, म्हणणारही नाही. तेच तर सांगते आहे.

आणि 'तासभर' नव्हतं, तेजस. नातू माझा आहे, त्याला सांभाळायला मला कुणी शिकवू नये. पण घरी सांभाळते ते वेगळं. सहलीला नेलेलं माणूस बाकावर बसवून ठेवायचं असेल तर त्याला सहल म्हणू नका, एवढंच.

ऑर्लँडोकर

व्हीलचेअरबद्दल गैरसमज नको. डिस्नेत बहुतेक रांगांतून व्हीलचेअर जाते, त्यामुळे बाकीच्यांबरोबर तेवढाच वेळ थांबावं लागतं. बाहेर थांबून नंतर यायची जी वेगळी सवलत होती ती २०२४ मध्ये मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणी असणाऱ्यांपुरती मर्यादित केली. गुडघेदुखीला ती मिळेल असं धरून जाऊ नका. उभं राहणं वाचतं हे खरं.

तेजस_सनीवेल

ठीक आहे, रांगेचं तुमचं बरोबर असेल. उभं राहणं वाचतं हे तुम्हीच म्हणता आहात, मुद्दा तोच होता.

मीनल_ऑस्टिन

व्हीलचेअर म्हटलं की आपल्याकडच्या माणसांचा चेहरा बघितला आहेस का, तेजस? विमानतळावर चालते, कारण तिथे सगळेच घेतात. पार्कात नावही काढू देत नाहीत. बाबा म्हणाले, 'मला अजून चालता येतं.' नवऱ्याने काय केलं, बॅगा ठेवायला म्हणून घेतली. सकाळी बॅगा बसल्या, जेवणानंतर बाबा आपणहून बसले आणि बॅगा आम्ही खांद्यावर घेतल्या. समोरासमोर सुनावून ते झालं नसतं.

पेठेतला_पंडित

एवढं सगळं करून अमेरिकेत जायचंच कशाला? खोपोलीला २०१३ पासून इमॅजिका आहे. पुण्याहून सकाळी निघा, रात्री अंथरुणात. जेट लॅग नाही, विमा नाही.

गौरी_एडिसन

पंडितजी, आम्ही राहतो न्यू जर्सीतल्या एडिसनला, खोपोली आम्हाला ऑर्लँडोहून लांब पडते. आणि आपल्याकडच्या एका पार्कात गेटवर माझ्या पर्समधला मुलाच्या भाताचा डबा काढून घेतला होता, तेव्हा आरामाची गोष्ट तिथून सुरू करू नका. डिस्नेत बाहेरचं खाणं नेऊ देतात, काचेची बरणी तेवढी नको. दशम्या, दाण्याची चटणी, लिंबाचं गोड लोणचं प्लास्टिकच्या डबीत. प्यायचं गार पाणी बऱ्याच काउंटरवर फुकट मागता येतं. सासूबाईंची निम्मी चिंता तिथेच मिटली.

लहान मूल असणाऱ्यांनी 'रायडर स्विच' विचारा. एकाने राइड करायची, दुसऱ्याने बाळाजवळ थांबायचं, मग अदलाबदल, आणि दुसऱ्याला पूर्ण रांग परत लावावी लागत नाही. आजीला बाकावर बसवायची गरजच पडत नाही. हे किती जणांना माहीत असतं?

तेजस_सनीवेल

मला माहीत नव्हतं. पण सगळेच आपापल्या आईवडिलांना छळतात असा जो सूर लागला आहे तो मला मान्य नाही आणि होणारही नाही.

मंदार_डॅलस

काल ऑफिसातून आल्यावर हा धागा आईला वाचून दाखवला. सगळा नाही, सुनंदाकाकूंचा प्रतिसाद गाळणार होतो, तिनेच विचारलं की नाशिकच्या बाईंनी काय लिहिलंय. ऐकून बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, मला ते जिराफ जवळून बघायचे आहेत, बाकी नाही बघितलं तरी चालेल.

तेव्हा बदल असा. हॉलिवूड स्टुडिओज रद्द. अॅनिमल किंग्डमला सकाळी पहिली सफारी, दुपारी परत. एपकॉट अर्धा दिवस, ती होडी बाबांसाठी. एक दिवस पूर्ण मोकळा. जुलै बदलत नाही, पहाटे उठणं बदलत नाही, आणि मॅजिक किंग्डमला आम्ही आतषबाजीपर्यंत थांबणार म्हणजे थांबणार. मीनल, तुझं सगळं पटलंय असं समजू नकोस. इतक्या पैशांत अर्धा पार्क न बघता परत येणं मला अजूनही खटकतं.

सुनंदा_नाशिक

थांब की आतषबाजीपर्यंत, कोण नको म्हणतंय. दुपारी झोप झाली असेल तर आम्हालाही आवडते. वडिलांना विचारलंस का?

मंदार_डॅलस

विचारलं. म्हणाले, मला काहीही चालेल.

सुनंदा_नाशिक

मग परत विचार. तिकिटांचा विषय न काढता.