एकाच नावाचे दोघं, यातले माझे पणजोबा कोणते?

जुनीपेटी:
गेले आठ महिने पणजोबांचा माग काढतेय. हाताशी होतं ते एवढंच: आजीच्या पेटीतलं एक खरेदीखत, त्यावरची त्यांची वळणदार सही, आणि आजीचं सांगणं, की ते सुतारकाम करायचे आणि आजोबा सहा वर्षांचे असताना गेले.

न्यायालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये दोन दिवस बसले. सूचीत त्यांचं नाव दिसलं तेव्हा डोळे भरून आले. अर्ध्या तासाने त्याच वर्षात तेच नाव पुन्हा सापडलं. एक जण जमीन विकतोय, दुसरा घर गहाण टाकतोय. मृत्युपत्र दोघांचंही नाही. वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं संगणकावर नाव टाकून शोधली, हाती काही लागलं नाही.

इंटरनेटवर कुणीतरी या दोघांना एकच माणूस धरून वंशावळ टाकली आहे आणि माझे आजोबा भलत्याच घरात नेऊन बसवले आहेत. ते पाहिल्यापासून चैन नाही. या दोघांना वेगळं कसं करू?

दप्तरी:
मी रेकॉर्ड रूममध्येच नोकरी केली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुम्ही सूची पाहिलीत, कागद अजून पाहिलेला नाही. सूचीत देणारा आणि घेणारा एवढीच नावं असतात. दोन्ही दस्तांच्या पूर्ण नकला काढा. चतुःसीमा वाचा, म्हणजे शेजारी कोण ते कळेल. साक्षीदारांची नावं उतरवून घ्या. साक्षीला माणूस ओळखीचाच बोलावतो, पुष्कळदा नात्यातला.

सहीबद्दल एक सांगतो, इथे बरेच जण फसतात. नोंदवहीतली प्रत बहुधा कारकुनाने उतरवलेली असते, तेव्हा तिथली सहीही त्याच्याच हातची. मूळ दस्त मालकाकडे परत जातो. तुमच्या पेटीतला कागद मूळ असेल तर तो जिवापाड जपा. ताडून बघायला दुसरी खरी सही हवी असेल तर ती खटल्याच्या फायलीत मिळेल: अर्ज, जबाब, जामीन.

मृत्युपत्र नाही म्हणून खट्टू होऊ नका, पुष्कळ लोक ते करतच नसत. आजोबा सहा वर्षांचे होते ना? मग अज्ञान मुलाच्या पालकत्वाचा अर्ज शोधा, पणजीच्या नावाने. मुलांची नावं, वयं, मालमत्तेची यादी, सगळं त्यात असू शकतं. तो नसेल तर पुढची वीस वर्षं चाळा. मुलं सज्ञान झाल्यावर वारसांनी जमीन विकली की मागची सगळी हकीगत त्या दस्तात येते.

पानगळ:
वर्तमानपत्रांबद्दल. संगणक जुना ठसा चुकीचा वाचतो, नाव छापलेलं असूनही शोधात येत नाही. आडनावाऐवजी ‘सुतार’, रस्त्याचं नाव, असं काही टाकून बघा. मृत्यूचा अंदाज असेल तर पुढचे काही महिने पान न् पान उलटा. धनको आणि वारसांसाठीच्या जाहीर नोटिसा तिथेच सापडतात. ग्रंथपालांना थेट विचारा, कात्रणांच्या फायली आणि देणगीत आलेली घरगुती कागदपत्रं कित्येकदा यादीत चढलेली नसतात.

फॅमिलीसर्च हे वंशावळीच्या जुन्या नोंदींचं संकेतस्थळही पाहा. त्यांची मायक्रोफिल्मिंगची, म्हणजे जुन्या कागदांचे बारीक फिल्मवर फोटो घेण्याची, सुरुवात १९३८ सालची. तिथल्या बऱ्याच चित्रांना नावांची सूची नाही, मूळ वहीसारखी पानं उलटावी लागतात. वेळ जातो, पण घरबसल्या होतं.

वाटसरू:
आमच्याकडची न्यायालयाची इमारतच जळाली होती, मी शोध सोडून दिला होता. मग डब्लिनची हकीगत वाचली. १९२२ च्या जूनमध्ये तिथलं सार्वजनिक अभिलेखागार यादवी युद्धात जळालं, शतकानुशतकांचे कागद गेले. २०२२ मध्ये इतर दप्तरांत राहिलेल्या नकला गोळा करून ते आभासी रूपात पुन्हा उभं केलं गेलं. तेव्हा मीही नकला शोधायला लागलो. अपिलात वरच्या न्यायालयात गेलेली एक फाइल शाबूत निघाली.

जुनीपेटी, कागदात नावापुढे ‘थोरले’, ‘धाकटे’ असं काही दिसलं तर लगेच बापलेक धरू नका. जुन्या इंग्रजी दस्तांतलं सीनिअर-ज्युनिअरसुद्धा कित्येकदा एका गावातल्या दोन नामसाम्य असलेल्या माणसांपुरतंच असे.

जुनीपेटी:
तीन आठवड्यांनी लिहितेय. गहाणखताची पूर्ण नक्कल मिळाली. गहाण टाकणारा ‘धाकटा’, आणि खाली साक्षीदारांत तेच नाव, ‘थोरला’! एकाच कागदावर दोघं. वाटसरू, तुम्ही सांगितलं नसतंत तर मी त्यांना बापलेक ठरवून मोकळी झाले असते. नातं काय ते अजून माहीत नाही, जागा कोरी ठेवली आहे.

दप्तरीकाका, पालकत्वाचा अर्जही सापडला. पणजीचं नाव आहे, मुलगा एक, वय सहा. गहाण टाकलेलं घरही त्यात आहे, म्हणजे माझे पणजोबा धाकटे. मालमत्तेच्या यादीत त्या घराखाली लिहिलंय: करवती तीन, रंधे दोन, पटाश्या सात.

दोन्ही नकला त्या वंशावळवाल्यांना आज पाठवल्या.